शाळेच्या अक्षता

आधीच सांगून ठेवतो, लग्नपत्रिकेची कल्पना माझी नव्हती. गावात आता कोणालाही विचारा, तो माझ्याकडेच बोट दाखवतो, आणि वर हसतो. मला फक्त एक सूचनापत्र लिहायचं होतं. एक पान. शाळा उघडायची तारीख आणि खाली चार बारीकसारीक आठवणी, बस. एका पानाचं एवढं रामायण होईल हे माहीत असतं तर मी त्या दिवशी दुकानाला कुलूप लावून साडूकडे मुधोळला निघून गेलो असतो.

आमचं गाव चिंचधरी. आदिलाबादपासून बसने तासाभराचं. नाल्यापलीकडे महाराष्ट्र, अलीकडे आम्ही. सरकारी कागद तेलुगूत येतात, भांडणं मराठीत होतात आणि कापसाचा व्यापारी आला की सगळे हिंदीत घुसतात. शाळा मराठी, पहिली ते पाचवी, खोल्या दोन आणि मॅडम एक. त्यांचं नाव उत्कर्षा. रोज सकाळच्या बसने मावल्याहून येतात. शाळेच्या समितीची अध्यक्ष आमची मंडळी, म्हणजे कौशल्याबाई. अध्यक्ष बाईमाणूसच पाहिजे असा कायदा आहे. बाईच्या नवऱ्याने काय करायचं हे कायद्यात लिहिलेलं नाही. पण माझं अक्षर चांगलं आहे ही गोष्ट गावात लपलेली नाही, तेव्हा सही तिची आणि लिखाण माझं अशी वाटणी आपोआप झाली. माझं किराणा दुकान चौकात आहे, शाळेच्या अगदी समोर. चाळीस वर्षं मी सुधाकरराव होतो. ती अध्यक्ष झाल्यापासून मी 'अध्यक्षीणबाईचे मालक' झालो. असो. त्यावर मी बोलत नाही.

मे महिन्याच्या शेवटी मॅडम उन्हातान्हात दुकानात आल्या, थंड पाणी प्यायल्या आणि पर्समधून एक कागद काढला. तेलुगूत होता, म्हणून त्यांनीच वाचून सांगितला. १२ जूनला शाळा उघडेल. त्या दिवशी पहिलीत पाच नावं पडली तर ठीक. नाही पडली तर आमची शाळा बंद करून पोरं हायवेपलीकडच्या मोठ्या गावातल्या शाळेत जमा करायची.

"किती नावं आहेत आता?" मी विचारलं.

"एकही नाही, काका. गावात पहिलीला बसणारी पोरं मोजून पाच," मॅडम म्हणाल्या.

हायवेवरून कोळशाचे ट्रक कसे जातात ते तुम्ही पाहिलेलं नाही. आमच्या बकऱ्यासुद्धा तो ओलांडताना आधी एकमेकींकडे पाहतात. सहा वर्षांचं पोरगं पाटी-दप्तर घेऊन तो रस्ता ओलांडणार, हे ऐकून माझ्या हातातल्या तागडीतून साखर सांडली.

"अजी," कौशल्याबाई आतून म्हणाली, "निस्तं बसून काऊन राह्यले? सूचना लिहा. लोकायले आठवन करून द्या."

लिहिली. काय लिहिली म्हणून सांगू! शाळा उघडण्याची तारीख ठळक. आधार कार्डाची झेरॉक्स आणावी. दोन फोटो आणावेत. मध्यान्ह भोजन पहिल्या दिवसापासून मिळेल, ताट-वाटी घरून आणावी. नखे कापून, केस विंचरून वेळेवर यावे. ही आठवण शेवटची, आणि तिच्याखाली मी दोन रेघा मारल्या. स्वच्छतेच्या बाबतीत मी कडक आहे.

पहिल्यांदा हे पत्र मोबाईलवरच्या गावाच्या ग्रुपात टाकलं. एक्कावन्न लोकांनी पाहिलं. अकरा जणांनी अंगठे पाठवले, सहा जणांनी गुलाबाची फुलं, आणि एकाने 'भावपूर्ण श्रद्धांजली' असं टाकलं. आदल्या मेसेजचं उत्तर असेल, पण लागायचं ते मला लागलंच. नाव एकही आलं नाही.

मग पत्र पंचायतीच्या भिंतीवर चिकटवलं. खळ गव्हाच्या पिठाची होती. दुपारी बकरीने खळीसकट 'आधार कार्डाची झेरॉक्स'पर्यंत खाल्लं.

मग दवंडी. आमच्याकडे हलगी वाजवतो बंडू. गडी चांगला, पण त्याला दोनच चाली येतात. एक राशनचा तांदूळ आल्याची आणि एक कोणी गेल्याची. शाळेसाठी कोणती वाजवू, असं त्याने मला विचारलं. मी म्हटलं, राशनची. अर्ध्या तासात सत्तर माणसं पिशव्या घेऊन राशन दुकानापुढे उभी. तांदूळ नाही म्हटल्यावर त्यांनी जे शब्द वापरले ते अध्यक्षीणबाईच्या मालकांसाठी होते.

त्या संध्याकाळी बापूजी दुकानात आले. बापूजी म्हणजे वांग्या-टमाट्याच्या मळ्याचे मालक आणि गावातल्या प्रत्येक लग्नात पुढे असणारे. त्यांना न विचारता गावात मांडव पडत नाही. पिवळ्या तंबाखूला चुना लावत ते म्हणाले, "सुधाकरराव, तुमी शिकले-सवरलेले, पन तुमाले गाव नाई समजलं. कागद वाचून कोनी हालते का? आपल्या गावात अक्षता हातावर पडल्याबिगर मानूस उंबरठा नाई वलांडत. सख्ख्या भावाच्या घरचं कार्य असलं तरी आवतन लागते. तुमी पोट्ट्यायले आवतनच नाई देल्लं, तर ते येतीन कशे?"

कौशल्याबाईने आतून लगेच होकार भरला. पाहिलंत? कल्पना बापूजींची, मंजुरी अध्यक्षांची. मी कुठे आहे यात?

दुसऱ्या दिवशी मी आदिलाबादला छापखान्यात गेलो. मालकाने मजकूर वाचला, मग माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा मजकूर वाचला. साधी पत्रकं आठ दिवसांनी मिळतील म्हणाला, उन्हाळ्यात लग्नांची गर्दी आहे. पण मोडलेल्या एका लग्नाचा माल पडून होता. गणपती, दोन हत्ती, कलश, सोनेरी किनार. वरचं आणि खालचं तयार, मधला भाग कोरा. तो कमी किमतीत देतो म्हणाला. मी जरा कचरलो, हे कबूल करतो. पण बारा तारीख तोंडावर आली होती. मी म्हटलं, घाल मधे.

पत्रिका झाली ती अशी. वर गणपती. खाली 'आमचे येथे श्रीकृपेने इयत्ता पहिलीचा प्रवेश सोहळा योजिला आहे, तरी आपण सहकुटुंब सहपरिवार उपस्थित राहावे.' शुभमुहूर्त १२ जून, सकाळी नऊ. कार्यस्थळ, प्राथमिक शाळा. सोबत आधार कार्डाची झेरॉक्स आणि दोन फोटो. मग ठळक अक्षरात 'भोजन', आणि त्याच्याखाली 'पहिल्या दिवसापासून, ताट-वाटी आणावी'. शेवटी दोन हत्तींच्या बरोबर मध्ये, सोनेरी चौकटीत, 'नखे कापून, केस विंचरून वेळेवर यावे'. आणि अगदी तळाला तयार छापलेलं 'कृपया आहेर आणू नये'. हे वाक्य खोडायचं राहिलं. आमच्या भागात या वाक्याचा अर्थ काय घेतात ते तुम्हाला माहीत असेलच.

नियम म्हणून एक पत्रिका मी शिक्षण खात्याच्या हापिसात द्यायला गेलो. तिथल्या कारकुनाला मराठी वाचता येत नव्हतं. त्याने गणपती पाहिला, हत्ती पाहिले, कलश पाहिला, आणि शाळेचं नाव तेवढं कसंबसं लावलं. "स्कूल में शादी? परमिशन किधर है?" मी समजावलं. तो म्हणाला, अर्जी द्या. मी म्हटलं, शादीच नाही तर अर्जी कशाची? तो म्हणाला, शादी नाही अशी अर्जी द्या, तेलुगूत, तीन प्रती. मला तेलुगू बोलता येतं, लिहिता येत नाही. चाळीस वर्षांचं मोत्यासारखं अक्षर खिशात घालून मी परत आलो. बसमध्ये खिडकीशी बसून मला वैभवचं बोलणं आठवलं, आणि राग कमी झाला.

वैभव म्हणजे माझा मुलगा. रोज जाऊन-येऊन आदिलाबादला मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवतो. तो याच शाळेत शिकला. एकदा चिडून म्हणाला होता, "बाबा, जमिनीच्या कागदावर तेलुगूत काय लिवलं ते मले दुसऱ्याले विचारा लागते. तेजूवर ते पाळी नाई येऊ देनार मी." तेजू, म्हणजे तेजस्विनी, त्याची मुलगी. मागच्या वर्षी तिला आदिलाबादच्या इंग्रजी शाळेच्या बालवर्गात घातलं, तिथे तेलुगूही शिकवतात. पिवळी व्हॅन रोज चौकात येते. आणि खरं तर हे मी सांगणार नव्हतो, पण आता एवढं सांगितलंच आहे. तिला व्हॅनपर्यंत सोडायला मीच जात होतो. तिचा टाय मीच नीट करत होतो, आणि दुकानापुढे चार लोक असले तर जरा जास्तच वेळ नीट करत होतो.

आवतण द्यायला आम्ही दोघं निघालो. पहिली पत्रिका मारुतीपुढे ठेवली. मग घरोघर. कौशल्याबाई हातावर अक्षता ठेवी, मी पत्रिका देई. पन्नाशी उलटलेली बाई लहानमोठ्या शेंबड्या पोराला कुंकू लावून "शाळेत या बरं का" म्हणते, आणि ते पोरगं एकदम गंभीर होऊन मूठ घट्ट मिटून घेतं, असं मी त्या दिवशी दहा घरी पाहिलं. मला हसू आलं नाही.

शाळेचा स्वयंपाक करणाऱ्या भागाबाईने अक्षता घेतल्या आणि म्हणाली, "नातीले आनतो. माह्याच हातचं तर खाईन ते." बंडूच्या जुळ्या पोरींनी एकाच पत्रिकेवरून भांडण केलं, त्यांना दोन दिल्या. आणि बापूजींच्या घरी गेलो. त्यांचा नातू अमर पहिलीला बसतो. बापूजींनी अक्षता घेतल्या, डोक्याला लावल्या, आणि सहज विचारलं, "तुमच्या घरी देल्ली का पत्रिका?"

"आपल्याच घरी कोण पत्रिका देते, बापूजी?" मी हसलो. "ज्याचं कार्य, तो यजमान."

"हो, ते बी खरं," ते म्हणाले. पण हसले नाहीत.

बारा तारीख उजाडली. साडेआठला मी शाळेची खोली झाडून, आंब्याच्या पानांचं तोरण लावून दारात उभा राहिलो, आणि समोर पाहिलं. अख्खं गाव येत होतं. सहकुटुंब, सहपरिवार. बायका जरीच्या लुगड्यात, गडी टोपी-उपरण्यात, प्रत्येकाच्या हातात ताट-वाटी आणि खिशात आधार कार्डाची झेरॉक्स. दोन-दोन फोटोसुद्धा. सत्तरीचा एक म्हातारा माझ्यापुढे दोन्ही हात पालथे करून उभा राहिला. "पाहा," म्हणाला, "कापले. सकायीच कापले." त्याच्यामागे नखं दाखवायला रांग लागली. आहेर तर विचारू नका. नारळ, ब्लाऊजपीस, स्टीलचे तांबे, आणि एकाने भिंतीवरचं घड्याळ. मॅडम टेबलाशी बसल्या होत्या, त्यांच्यापुढे आहेराचा ढीग लागला.

भागाबाई चुलीपाशी कपाळाला हात लावून बसली. "अवो सुधाकरभाऊ, मी वीस पोरायचा भात टाकला, हे दोनशे मानसं कायले बलावले?" कौशल्याबाई तिथल्या तिथे अध्यक्ष झाली. या घरून तांदूळ, त्या घरून डाळ, बापूजींच्या मळ्यातून दोन पोती वांगी, असं तिने दहा मिनिटांत लावून दिलं. मला काय करू म्हणून विचारलं, तर म्हणाली, "तुमी निस्ते बाजूले व्हा."

एवढ्यात जीप आली. शिक्षण खात्याचे साहेब उतरले. कारकुनाने त्यांना सांगितलं होतं की शाळेत लग्न आहे. त्यांनी तोरण पाहिलं, आहेर पाहिला, वांगी चिरणाऱ्या बायका पाहिल्या आणि कपाळावर आठ्या घातल्या. "किसकी शादी है?"

मॅडम उठल्या आणि तेलुगूत भराभर काही बोलल्या. एवढं भराभर तेलुगू बोललेल्या त्यांना मी पहिल्यांदाच ऐकत होतो. साहेबांनी पत्रिका हातात घेतली, दोन हत्तींच्या मधलं वाक्य मॅडमनी त्यांना समजावून सांगितलं, तेव्हा त्यांनी हळूच आपल्या नखांकडे पाहिलं. मग खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "ठीक. रजिस्टर दिखाइये. पाँच चाहिए."

बंडूच्या दोघी. भागाबाईची नात. मॅडमनी तीन नावं लिहिली आणि पेन थांबला. सगळ्यांनी बापूजींकडे पाहिलं. अमर त्यांचा हात धरून उभा, नवा शर्ट, केसांना तेल.

"बापूजी, या ना," मी म्हटलं.

"येतो," ते म्हणाले, पण हलले नाहीत. "मी गावात लय लग्नं लावली, सुधाकरराव. यजमानाच्या घरचंच लेकरू मांडवात नाई, असं कार्य म्या नाई पायलं. तुमी आमच्या पोट्ट्याले आवतन देता, आन् आपली पोट्टी पिवळ्या गाडीत बसवता. आमी काऊन बसवा पोट्टं इथं? तुमचं चांगलं, आन् आमचं चालते तसं?"

मी लिहिलेल्या सगळ्या आठवणी बरोबर होत्या, फक्त त्यातली एकही मी स्वतःला करून दिली नव्हती. आणि नेमका त्याच वेळी चौकात भोंगा वाजला. पिवळी व्हॅन आली होती. आमच्या ओट्यावर तेजू उभी, टाय लावलेला, पाठीवर दप्तर. एका बाजूला वैभव, दुसऱ्या बाजूला सून, पूनम.

मी टेबलावरची उरलेली एक पत्रिका उचलली. कौशल्याबाई वांग्याची विळी सोडून उठली, तिने माझ्या हातात अक्षता दिल्या. रस्ता ओलांडायला पंधरा पावलं. गाव मागे. व्हॅनचा भोंगा सुरूच. बापाने पोराला आवतण द्यायचं हे मी आयुष्यात केलेलं नव्हतं. मान खाली होती, खोटं कशाला बोलू?

"वैभव," मी म्हटलं, "शाळेचं आवतन आहे. सहकुटुंब या."

"बाबा, काय लावलं हे लोकायसमोर?" तो दबक्या आवाजात म्हणाला. "गाडी थांबली हाय. आन् तेलुगूचं काय? हापिसात..."

"ते माझ्यावर सोडा." मॅडम माझ्या मागोमाग आल्या होत्या. "दादा, तेलुगू मी रोज शिकवीन तिला. मी स्वतः मराठी शाळेत शिकले. आत्ता साहेबांशी बोलले ते ऐकलंत ना तुम्ही?"

वैभव व्हॅनकडे पाहत होता. तेव्हा पूनम बोलली. माझ्यासमोर डोक्यावरचा पदर न सरकवणारी पोर, माझ्याकडे पाहून बोलली. "मामाजी, एक वरीस झालं. पोरगी शाळेतून येते, दप्तर ठेवते आन् गुमान बसते. काय झालं शाळेत म्हनलं तर तोंडावर बोट ठेवते. तिथं आपलं मराठी बोललं की असंच ठेवाले लावते. मी रोज वाट पायतो, आज काही सांगीन, उद्या काही सांगीन. काहीच नाई सांगत."

मला हे माहीत नव्हतं. एका घरात राहून माहीत नव्हतं. मी टाय पाहत होतो.

पूनमने ओंजळ पुढे केली. मी अक्षता घातल्या. वैभवने एकदा बायकोकडे पाहिलं, एकदा लेकीकडे, मग व्हॅनवाल्याला हात करून म्हणाला, "जाओ भैया." आणि खाली वाकून त्यानेच तेजूचा टाय सोडला.

चौथं नाव तेजस्विनीचं. ते लिहिलं जाईपर्यंत बापूजी टेबलाशी येऊन उभेच होते. "लिवा, अमर." मग त्यांनी आपला आहेर, एक स्टीलचा डबा, तेजूच्या हातात दिला आणि मला कोपराने ढोसलं. साहेबांनी रजिस्टरवर सही करून शिक्का मारला. ते निघायला उठले, तर कौशल्याबाईने त्यांना जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. वांग्याची भाजी दोनदा घेतली त्यांनी.

एक वर्षाची सूट मिळाली, एवढंच. पुढच्या जूनमध्ये पुन्हा पाच लागतील, हे मॅडमनी जाताना मला सांगितलं. मीही हिशेब करून ठेवला आहे. पुढच्या वर्षीची पाच घरं कोणती ते मला आत्तापासून पाठ आहे.

दुकान उघडायला चार वाजले. तेजू माझ्याबरोबर आली, गूळ मागितला, आणि बोलायला लागली. बंडूच्या पोरी कशा एकसारख्या आहेत, अमरने वरणात बोट बुडवलं, मॅडमच्या टेबलावर घड्याळ आहे ते चालत नाही, भागाबाईने तिला जास्तीचं अंडं दिलं पण कोणाला सांगू नको म्हणाली. गिऱ्हाईक आलं, गेलं, ती बोलतच होती. पूनम आतल्या दारात उभी राहून ऐकत होती, तिच्या हातातली परात तशीच होती. मीही तराजू तसाच धरून बसलो.

मग एकदम थांबून तेजूने माझा हात ओढला आणि उलटा करून पाहिला.

"आबा, तुमचे नखं किती वाढले! मॅडमनं पायले ना, तर तुमाले शाळेत नाई घेनार."

खाली दोन रेघा मारून लिहिलं होतं मी ते. गल्ल्यातून नखाची कात्री काढली आणि तिच्यासमोर ओट्यावर बसून एकेक नख कापलं. दहाही तिने तपासली.